घरगुती हत्यारें आणि स्वस्ताई

ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथील मध्यम स्थितींतल्या कुटुंबाचा कारखाना म्हणजे बहुधा गॅलरीचा एक कोपरा, नाहीं तर माळ्यावरची पत्र्याची पेटी. हातोडी, पक्कड, दोन-तीन पेचकस, एखादी करवत आणि अलीकडे विजेचें ड्रिल, एवढाच त्या पेटींतला सरंजाम. ती नव्यानें भरण्याची वेळ आली म्हणजे घरांत मतभेद उत्पन्न होतो. चाळीस वस्तूंचा झगझगीत स्वस्त संच घ्यावा, कीं तेवढ्याच पैशांत तीनच वस्तू घ्याव्या, पण चांगल्या?

हत्यार महाग पडतें तें रंगामुळें नव्हे. पोलादामुळें आणि त्या पोलादाला दिलेल्या पाण्यामुळें. पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड केलें म्हणजे तें कठीण होतें, पण ठिसूळहि होतें. मग त्याला पुन्हां मंद आंच देऊन तो ठिसूळपणा घालवावा लागतो. हें काम मोजूनमापून करण्यास भट्टी, वेळ व तपासणी लागते, आणि अतिस्वस्त माल करणारा बहुधा येथेंच काटकसर करतो. दुकानांत ती डोळ्यांना दिसत नाहीं. पेचकसाचें टोक पिळवटलें म्हणजे दिसते. असा पेचकस स्वतः झिजतोच, पण स्क्रूच्या डोक्यावरची खांचहि खाऊन टाकतो. मग कपाटाची एक बिजागरी काढण्यासाठीं सुतार बोलवावा लागतो, आणि त्याची मजुरी हत्यारांत वांचलेल्या पैशांहून अधिक होते. पटाशीची गोष्ट याहून वाईट. बोथट पटाशीला जोर अधिक लावावा लागतो. ती सटकते, आणि लांकूड धरलेला डावा हात तिच्या वाटेंत असतो.

म्हणून सगळेंच महाग घ्यावें, असें मात्र नाहीं. लांकडी मोगरी, रंगाचे कुंचले, तारेचा ब्रश, हत्यारांची पेटी, यांत स्वस्ताई खुशाल चालते. ज्याला धार नाहीं व ज्यावर पीळ पडत नाहीं, त्याच्या पोलादाची चौकशी कशाला करावयाची?

ड्रिलची गोष्ट गंमतीची आहे. पडद्याचे दांडे, देवघराची फळी, भिंतीवरच्या तसबिरी, एवढ्यासाठीं वर्षांतून दहा-बारा भोंकें पाडणाऱ्या घरानें ठेकेदाराचें महाग यंत्र घेणें व्यर्थ होय. यंत्र बेताच्या किंमतीचें असावें, पण बिट उत्तम असावा. लोक नेमकें उलट करतात. सिमेंटच्या भिंतींत टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचाच बिट लागतो. लोखंडासाठीं हायस्पीड पोलादाचा बिट घ्यावा. साध्या पोलादाचें पाणी सुमारें २५० अंश सेल्सिअसच्या पुढें उतरूं लागतें, तर हायस्पीड पोलाद ६०० अंशांच्या आसपासहि धार टिकवितें. यंत्र घेतांना दोन गोष्टी पाहाव्या: दुहेरी विद्युत्-रोधनाची चौकोनांत चौकोन ही खूण, आणि मोटारीचे कार्बन बदलून मिळण्याची सोय.

विजेच्या कामांत मात्र स्वस्ताईला थारा नको. घरांतील वीज २३० व्होल्टची. साध्या पकडीच्या दांड्यांवरचें रंगीत आवरण मुठीच्या सोयीसाठीं असतें. तें संरक्षण नव्हे. १००० व्होल्टपर्यंत सुरक्षित ठरविलेल्या हत्यारावर तसा आंकडा व दुहेरी त्रिकोण असतो. तें हातीं असलें, तरी मुख्य स्विच आधीं बंद करावा, हें सांगणें न लगे.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारील, कीं मग परदेशी हत्यारेंच घ्यावयाचीं काय? तसें मुळींच नाहीं. नाशिकची टपारिया कंपनी १९६९ पासून हातहत्यारें करीत आली आहे, आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर देशी माल हातांत घेऊन पारखतां येतो. पकडीचे जबडे मिटून उजेडासमोर धरावे. टोंकाशीं फट दिसली कीं ती ठेवून द्यावी. दुकानदार तोंड वांकडें करील, तें करूं द्यावें. पारखणारा माणूस शोधण्यासहि दूर जावें लागत नाहीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ सालीं ठाण्यास निघालेली पहिली वसाहत वागळे इस्टेट. तेथें व आसपासच्या कारखान्यांत उमेद घालविलेले फिटर आणि टर्नर या गांवांच्या चाळींतून व इमारतींतून आहेत. त्यांचा सल्ला फुकट मिळतो आणि दुकानाच्या पाटीपेक्षां खरा असतो.

शिवाय चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतींत चाळीस ड्रिलें कशाला? गृहनिर्माण संस्थेनें एक चांगलें घेऊन नोंदवहीवर द्यावें. परत देतांना तें पुसून द्यावें आणि बिट मोजून घ्यावेत. खाडीकांठच्या पावसाळी हवेंत चांगल्या पोलादालाहि गंज चढतो, आणि शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब तो थोपवितात.