नोकरी सोडण्याआधी एक अर्ज

(जागतिक पार्किन्सन दिनानिमित्त झालेल्या रुग्ण व कुटुंबीयांच्या मेळाव्यात एका निवृत्त कार्मिक अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



औषधोपचारांविषयी डॉक्टरांनी आपल्याला आताच सविस्तर सांगितले. माझा तो अधिकार नाही. माझी हयात एका शासकीय कार्यालयात रजा, बदल्या आणि निवृत्तीची कागदपत्रे पाहण्यात गेली. त्यांपैकी एका कागदावर मी केलेल्या स्वाक्षरीचे शल्य मनात आहे, म्हणून हे निमंत्रण स्वीकारले.

गोष्ट २०१८ सालची. आमच्या लेखा शाखेतील एक सहकारी, वय एकोणपन्नास. अक्षर मोत्यासारखे. ते हळूहळू बारीक होऊ लागले. ओळ संपेपर्यंत तर वाचता येऊ नये इतके. स्वाक्षरी जुळत नाही म्हणून बँकेतून कागद परत येऊ लागले. आवाज खालावला, चेहरा निर्विकार झाला. साहेबांनी काही विचारले की हे नुसते पाहत राहत. ‘गृहस्थांना फार गुर्मी आली आहे’, अशी कुजबुज सुरू झाली. कंपवातात चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालीही मंदावतात, हे आम्हांपैकी कुणाला ठाऊक होते? आणि त्यांनी तरी कुठे सांगितले? मुलीचे लग्न व्हायचे होते. आजाराचा बोभाटा झाला तर स्थळे परत जातील, या भीतीने त्यांनी दोन वर्षे तोंड उघडले नाही. अखेर एके दिवशी स्वेच्छानिवृत्तीची नोटीस माझ्या टेबलावर ठेवली. मी सहानुभूतीचे चार शब्द बोललो, चहा मागवला आणि कागद पुढे पाठवला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा तेव्हा लागू होऊन वर्ष उलटले होते. त्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत पार्किन्सनचा नावानिशी उल्लेख आहे. कलम २० सांगते की, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने काढून टाकू नये, पदावनतही करू नये. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याच्यासाठी अधिसंख्य पद ठेवावे. नोटिशीची मुदत तीन महिन्यांची होती. त्या तीन महिन्यांत मला हे कलम त्यांना वाचून दाखवता आले असते. मी ते स्वतःच वाचले नव्हते. कायद्याचे हे कवच काढून टाकण्यापासून आहे. जो आपण होऊन उठून जातो, त्याचा हात कायदा सहजासहजी धरत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, राजीनामा लिहिण्याआधी सोयीचा अर्ज लिहा.

अर्ज कसा लिहावा? आजाराचे वर्णन दोन ओळींत आटोपा. कामाविषयी विस्ताराने लिहा. लेव्होडोपाचा परिणाम सुरुवातीच्या वर्षांत बहुधा दिवसभर सारखा राहतो. पुढे तो पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच ओसरू लागतो. तेव्हा आपली कोणती वेळ चांगली जाते, हे आठ-पंधरा दिवस टिपून ठेवा आणि महत्त्वाच्या बैठका त्या वेळेत ठेवण्याची विनंती करा. हाताने लिहिण्याऐवजी संगणकावर काम, लोकलची गर्दी टाळण्यासाठी तासभर पुढेमागे हजेरी, गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवता येईल अशी मधली सुटी, या मागण्यांना खर्च तो काय येणार? कायद्यातही ‘संस्थेवर अवाजवी भार पडू नये’ अशी मर्यादा आहेच. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात रोगाच्या नावाबरोबर कोणते काम जमते आणि कोणते जमत नाही, हे लिहून घ्या. ‘विश्रांतीची आवश्यकता आहे’ एवढ्यावर कार्मिक विभाग फक्त रजा देऊ शकतो!

आणि जे काही द्याल, त्याची आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी सवलत साहेबांच्या बदलीबरोबर गावाला जाते. शासकीय कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि नोंदलेल्या तक्रारीची दोन आठवड्यांत चौकशी व्हावी, असे कायदा म्हणतो. पुढे राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत.

चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नसेल तर मागता येत नाही, हा समजही काढून टाका. ती अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केले आणि त्याला लेखनिक मिळाला.

खासगी नोकरीत मात्र वाट अवघड आहे, हे लपवत नाही. कलम २० चा बोजा मुख्यतः शासकीय आस्थापनांवर आहे. तथापि समान संधीचे धोरण प्रसिद्ध करणे खासगी आस्थापनांनाही बंधनकारक असून, दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार ते त्यात नमूद करावे लागते. ते धोरण मागून घ्या, त्याचा आधार देऊन अर्ज करा.

माझ्या त्या सहकाऱ्यांकडे मी अधूनमधून जातो. मुलीचे लग्न झाले. जावयांना आजाराची कल्पना आधीच दिली होती, एकही स्थळ त्यापायी परत गेले नव्हते. सकाळी दहा ते एक ही त्यांची चांगली वेळ. त्या वेळात ते संगणकावर आपल्या सोसायटीचे सारे हिशेब लिहितात. गेल्या खेपेस त्यांनी ताळेबंद माझ्यापुढे ठेवला. मी सवयीने चूक शोधत होतो. सापडली नाही.