शाळा कोणाच्या चुलीवर चालली?



जर्मनीत आयझेनाख नावाचं गाव आहे. वर डोंगरावर वार्टबुर्गचा किल्ला, खाली गाव, आणि त्या गावात एक फार जुनी शाळा. मुळात ती सेंट जॉर्जच्या चर्चला जोडलेली लॅटिन शाळा. सोळाव्या शतकात जोगी-संन्याशांचे मठ बंद पडले आणि डॉमिनिकन पंथाच्या एका रिकाम्या मठात ही शाळा गेली. मार्टिन लुथर गिम्नाझियम या नावानं ती आजही चालू आहे.

हा मार्टिन लुथर म्हणजे ज्यानं पोपशी भांडण मांडलं आणि पुढं त्याच वार्टबुर्गात बसून बायबलचा नवा करार जर्मन भाषेत आणला, तोच. १४९८ च्या सुमारास तो या शाळेत आला. वय पंधराच्या आसपास. घर दूर होतं. मग पोटाचं काय? तिकडची रीत अशी, की शाळेतल्या गरीब पोरांनी घोळका करून गावात फिरायचं, दारोदार भजनं म्हणायची आणि लोक देतील ती भाकरी-पै घ्यायची. लुथरही त्यात होता. परंपरा सांगते, की कोट्टा घराण्यातल्या उर्सुला नावाच्या बाईंनी त्याला घरात ठेवून घेतलं. पुढं लुथर जगभर गाजला, तरी आपण दारात उभं राहून भाकरी मागितली हे त्यानं लपवलं नाही. मुलांना शाळेत घाला, असं लोकांना बजावताना त्यानं दारोदार गाणाऱ्या या पोरांना हिणवू नका, मीही त्यातलाच, असं सांगितलं आहे.

जवळजवळ दोनशे वर्षांनी त्याच शाळेत आणखी एक मुलगा आला. योहान सेबास्टियन बाख. युरोपच्या संगीतातलं केवढं मोठं नाव! शाळेच्या दप्तरात मात्र त्याची नोंद गैरहजेरीची आहे. एका वर्षी ९६ अर्धे दिवस, पुढं एका वर्षी १०३. आमच्या मास्तरांनी त्याचं नावच कमी केलं असतं. पण त्याच्या घरी काय चाललं होतं? दहा वर्षांचा होईतो आई गेली, बापही गेला.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, आणि पुढच्या दशकात शिक्षणखात्याची घडी बसली. त्याआधी शिकणं म्हणजे पंतोजींची शाळा. धूळपाटी, मोडीचा कित्ता, पावकी-निमकीचे पाढे. मॅट्रिकपर्यंत नेणारं सरकारी हायस्कूल पाहायचं तर अमरावतीला नाहीतर अकोल्याला. आमचं देऊळगाव राजा पडलं वऱ्हाडाच्या टोकाला, पलीकडं जालना म्हणजे निजामाचं राज्य. इथल्या पोरानं अकोला गाठायचं म्हणजे चिखली, खामगाव करत जायचं, आणि गेल्यावर पहिला प्रश्न तोच, की जेवायचं कुठं?

अकोल्याच्या त्या हायस्कुलात सातारा जिल्ह्यातला एक पोरगा आला होता. गोपाळ गणेश आगरकर. जन्म १८५६ चा, कराडजवळच्या टेंभूचा. घरची गरिबी अशी, की कराडला कचेरीत उमेदवारी करून झाली, दवाखान्यात कंपौंडरी करून झाली, शिकण्यासाठी रत्नागिरीला जाऊन झालं, आणि शेवटी नातलगांच्या आसऱ्यानं तो अकोल्यात पोचला. तिथं त्याला विष्णु मोरेश्वर महाजनी भेटले. हे महाजनी नुसते हेडमास्तर नव्हते. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'चं 'तारा' हे मराठी रूप त्यांचंच, आणि १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच. त्यांनी या पोराला हात दिला. १८७५ साली आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. तिथं एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी', 'सुधारक' हे सगळं त्यानंतरचं. आगरकर पुण्याचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांना मॅट्रिकचा उंबरठा ओलांडून दिला तो अकोल्यानं. वऱ्हाडी माणूस हे कोणाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आपल्याकडं आयझेनाखच्या त्या गाण्याला जोड होती ती वार लावून जेवण्याची. सात दिवस, सात घरं. आमच्या घरी गुरुवारचा मुलगा यायचा. आजी त्याचं नाव घेत नसे, 'गुरुवार आला का?' एवढंच विचारायची. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. तिचा स्वतःचा उपास असला तरी चूल पेटायचीच. पोरगा मान खाली घालून जेवायचा, ताट स्वतः घासून पालथं घालायचा आणि मग ओसरीवर बसून तिला पोथीतला एक अध्याय वाचून दाखवायचा. आजीला अक्षरओळख नव्हती. कोण कोणाला वार देत होतं, हे तुम्हीच ठरवा.

पण ही पंगत सगळ्यांची नव्हती, हेही बोललं पाहिजे. वार मिळायचा तो जात पाहून. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या पोराला असल्या ओसरीवर कोण बसवणार? त्यांची सोय व्हायला वेगळी माणसं लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांचा सपाटा लावला. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली. तिथली चूल विझू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. त्यांचीच १९३२ ची शिवाजी शिक्षण संस्था आणि तिच्या गावोगावच्या शाळा आपल्याला दिसतात. पण माझ्या मते जास्त अवघड काम छात्रालयाचंच होतं. वर्ग झाडाखालीही भरतो, भाकरीला मात्र रोज पीठ लागतं.

आणि मुली? आयझेनाखच्या त्या घोळक्यात मुलगी नव्हती, आमच्या ओसरीवरही नव्हती. मुलीला कोणी वार लावून शिकायला पाठवलंय, असं मी ऐकलेलं नाही. तिच्यासाठी वाट निघाली ती गावात शाळा आली तेव्हा, आणि पुढं एसटीचा मोफत पास हातात पडला तेव्हा. आज सकाळी आपल्या स्टँडवर उभे राहा, आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या गाड्यांतून मुलीच जास्त उतरताना दिसतील. डबा त्यांच्या दप्तरात असतो. तो पहाटे कोण उठून भरतं, हे सांगायला नको.

आयझेनाखला लुथर ज्या घरात राहिला असं मानतात, ते कोट्टांचं घर लोकांनी जपलं आहे. १९५६ पासून तिथं संग्रहालय आहे. शाळाही आहे आणि जेवू घालणारं घरही आहे. आपल्याकडं शाळेचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, मग कार्यकारिणी, मग देणगीदार, मग निकालाचे तक्ते. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं परक्या पोरांना वाढलं, त्यांची नावं कुठं आहेत?

आपल्या गावात वारांनी जेवलेले दोन-चार म्हातारे अजून आहेत. त्यांना सोमवार कोणाकडं होता, मंगळवार कोणाकडं होता, हे विचारलंत तर ते घडाघडा सांगतात. घर, गल्ली, त्या दिवशीची भाजीसुद्धा. ज्या शाळांच्या स्मरणिका पुढच्या वर्षी निघणार आहेत, त्यांच्या मास्तरांनी नववी-दहावीच्या पोरांना वही देऊन या म्हाताऱ्यांकडं पाठवावं. दिवाळीच्या सुट्टीत होण्यासारखं काम आहे.