फुटलेला टायर आणि नुकसानभरपाईचा हक्क



अपघात टायर फुटल्यामुळे झाला असे कळले, की गावात एकच उद्गार ऐकू येतो : "नशिबाचा खेळ, त्याला कोण काय करणार!" मृताचे आप्तही ते मान्य करून घरी बसतात. कायदा मात्र ते मान्य करीत नाही. अडल्यानडल्या वेळी लोक सल्ल्यासाठी आपल्याकडे येतात. म्हणून हा फरक आपणांस नीट ठाऊक असला पाहिजे.

न्यायालये काय म्हणतात?

वाहनातील दोष छुपा होता, सबब आपण जबाबदार नाही, असा बचाव वाहनमालक फार पूर्वीपासून घेत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले, की असा बचाव सिद्ध करण्याचा भार मालकावरच असतो. वाजवी ती सर्व काळजी घेऊनही दोष लपून राहिला, हे त्याने दाखवून द्यावयाचे असते.

पुढे २००१ साली याच न्यायालयापुढे टायरचेच प्रकरण आले. जीपचा पुढचा टायर फुटला, जीप कलंडली आणि रस्त्याने पायी जाणारा एक इसम मृत्यू पावला. चालकाचा निष्काळजीपणा दिसत नाही, म्हणून खालच्या स्तरांवर मागणी नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कठोर दायित्वाचे तत्त्व लावून वारसांना भरपाई मंजूर केली.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ मधील निकालही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीचा टायर फुटून एका सहप्रवाशाचा अंत झाला. न्यायाधिकरणाने २०१६ साली कुटुंबास सुमारे सव्वा कोटी रुपये मंजूर केले. टायर फुटणे ही दैवी घटना आहे, असे म्हणत विमा कंपनी अपिलात गेली. उच्च न्यायालयाने ते मानले नाही. अतिवेग, हवा कमी किंवा जास्त असणे, जुने टायर, उष्णता अशा कारणांनी टायर फुटतो आणि प्रवासापूर्वी तो तपासणे हे माणसाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले.

दाद कोठे मागावी?

पहिला मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली अपघाताच्या ठिकाणी, अर्जदाराच्या राहत्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली असल्याने विलंब करू नये. कलम १६४ खाली कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. परंतु ही रक्कम स्वीकारल्यावर कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. कमावता माणूस गेला असेल, तर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे. स्त्रिया, मुले तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

दुसरा मार्ग टायर उत्पादकाविरुद्धचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण असून तो कायदा जुलै २०२० मध्ये अंमलात आला. घडणीतील किंवा आराखड्यातील दोष, अथवा वापराविषयी पुरेशा सूचना व इशारा नसणे, यांमुळे इजा झाल्यास उत्पादक जबाबदार ठरतो. काही परिस्थितींत विक्रेताही जबाबदार ठरतो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. मात्र वस्तूचा गैरवापर झाला असेल, तर ही जबाबदारी टळते. म्हणूनच उत्पादक हमखास सांगतो, की हवा कमी होती किंवा भार जादा होता. सारा वाद येथे येऊन ठेपतो.

पुरावा जपणे

या वादाचा निर्णय फुटलेला टायरच करतो, आणि नेमका तोच आठवडाभरात भंगारात जातो. हवा कमी असलेल्या टायरच्या दोन्ही कडा अधिक झिजतात, तर हवा जास्त असलेल्या टायरचा मध्यभाग अधिक झिजतो. कमी हवेवर धावणारा टायर वारंवार दबून तापतो आणि त्याचे थर सुटू लागतात. दोष घडणीतला की वापरातला, हे तज्ज्ञ अशा खुणांवरून ठरवितो. टायरच नसेल तर तज्ज्ञ काय पाहणार?

यासाठी पंचांनी व पोलीस पाटलांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. टायर, त्याचे सुटलेले तुकडे आणि रिम जपून ठेवावीत. छायाचित्रे घ्यावीत. टायरच्या बाजूवरील क्रमांक पंचनाम्यात उतरवून घ्यावा. त्यातील निर्मितीचे चार अंक महत्त्वाचे असतात; '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खरेदीची पावती व हमीपत्र शोधून ठेवावे. ग्राहक आयोग असा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पोलिसांनीही २०२२ च्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास द्यावयाचा असतो. तो गेला की नाही, याची विचारणा सरपंचांनी अवश्य करावी.

आपली स्वतःची जबाबदारी

शेवटचा मुद्दा आपल्या सर्वांचा आहे. पाण्याचा टँकर, घंटागाडी किंवा शाळेची बस ज्या संस्थेच्या मालकीची, ती संस्था अपघातानंतर प्रतिवादी असते. ब्रिटनमध्ये टायर फुटून बस उलटल्याच्या एका प्रकरणात १९५० साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने कंपनीस दोषी धरले. टायरला जोराचा दणका बसल्यास चालकाने तो कळविलाच पाहिजे, अशी व्यवस्थाच तिने ठेवली नव्हती. केवळ वरवरची तपासणी पुरेशी नाही, हा त्याचा बोध.

आपल्या नियमांनुसार दुचाकी व तीनचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर आणि अन्य वाहनांची १.६ मिलिमीटर असावी लागते. प्रत्येक वाहनासाठी एक वही घालावी. तीत हवेचा दाब, टायर बदलल्याची तारीख आणि खड्ड्यात बसलेला दणका नोंदवावा. तृतीय पक्ष विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये, कारण विमा नसल्यास भरपाईचा बोजा थेट संस्थेच्या निधीवर पडतो. शिक्षकांनी सहलीची गाडी ठरविताना भाड्याबरोबर टायरही पाहावेत.

भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही. पण मागे राहिलेल्यांचे शिक्षण आणि घराची चूल तिच्यावर चालू राहते. तो हक्क अज्ञानामुळे कोणाच्या हातून निसटू नये, एवढी दक्षता आपण घेऊ या.