वेलांटीची जागा

संगणकावर लिहिलेलें मराठी दुसऱ्या यंत्रावर उघडतांच रोमन अक्षरांचा भुसा दिसतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागींच मराठी वळणें बसविलेलीं असत. फॉन्ट गेला कीं मजकूर वाचतां येईना. भाड्याच्या घरांतलें बिऱ्हाडच म्हणाना! १९९१ सालीं युनिकोडनें देवनागरीस स्वतःचे क्रमांक दिले.

स्वतंत्र व्यवसाय करणारा माझा एक विद्यार्थी जुने मजकूर पालटणारे प्रोग्राम लिहितो. खरी मेख वेलांटींत आहे. ‘कि’ची वेलांटी जुना फॉन्ट दिसते तशी ‘क’पूर्वीं सांठवी, युनिकोड उच्चाराप्रमाणें नंतर. रफाराचें नेमकें उलट. शिवाय प्रत्येक फॉन्टाची मांडणी निराळी, म्हणून पडताळ्यास मूळ फॉन्ट हवाच. तेव्हां वडिलांच्या आठवणी अशा फॉन्टांत असतील, तर जुना संगणक मोडींत देण्यापूर्वीं त्या पालटून घ्या.