आरशात मागचा दिसला पाहिजे



सकाळपासून प्रत्येक जण मला एकच विचारतोय, “तू आणि बुलेट?” शंका रास्त आहे. शाळेत येताना उतार लागला की मी सायकलवरून उतरून चालायचे, हे इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलंय. पुढे इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअरमधली नोकरी, संसार. वयाच्या ३८व्या वर्षी ३५० सीसीची गाडी घेतली, तेव्हा आईने दोन दिवस अबोला धरला.

आमचा गट सात जणांचा. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका, एक किराणा दुकानदार, एक दातांची डॉक्टर. एरवी आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. पहिल्या मोठ्या सहलीत पुण्याहून ताम्हिणी घाट उतरलो आणि श्रीवर्धनहून किनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत गेलो. या वाटेवर खाड्या आडव्या येतात. बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. तिन्ही ठिकाणी गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. बोट हलते म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची, हे काकांनी शिकवलं. धक्क्यावर बोटीची वाट बघताना पगार, हुद्दा, मुलांचे मार्क यांचा विषय निघालाच नाही. चेन सैल झालीय का, पुढच्या गावात जेवण मिळेल का, एवढंच.

आमचा एक नियम आहे. अनुभवी दोघांपैकी एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. नवखा दुसऱ्या क्रमांकावर. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याचा दिवा पाहत राहायचं. तो दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर थांबायचं. मग पुढचा थांबतो, त्याच्याही पुढचा थांबतो. हाक न मारता सगळी रांग थांबते. आमच्या धंद्याच्या भाषेत, सर्व्हर नाही तरी एकही पॅकेट हरवत नाही.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, ताम्हिणीतच एका वळणावर मी पडले. उजवं मनगट मोडलं. ॲक्सिलरेटरही उजव्या हातात, पुढचा ब्रेकही. प्लास्टर निघालं, भीती निघाली नाही. गाडी विकायला काढली. ‘घाबरू नकोस’ असं गटातलं कोणी म्हणालं नाही. काका मात्र दर रविवारी यायचे, गाडी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवायचे, चहा घेऊन जायचे. म्हणायचे, “बॅटरी उतरेल ना!” असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी मीच हेल्मेट घालून खाली उतरले.

हे सांगताना एका गोष्टीची लाज वाटते. त्याच वर्षी माझ्या बाकावरची मैत्रीण मोठ्या दुखण्यातून जात होती. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. दोनदा फोन हातात घेतला, काय बोलावं सुचेना, ठेवून दिला. माझ्याकडे काका दर आठवड्याला येत होते आणि मी तिच्याकडे एकदाही गेले नाही. ती आज समोर बसली आहे. हे बोलू का, असं काल तिला विचारलं. म्हणाली, “बोल, पण लांबण लावू नकोस.”

छंदातून जुळलेली माणसं जास्त चांगली असतात, असं मला म्हणायचं नाही. तिथे भेटीचा वार ठरलेला असतो आणि हाताला काम असतं, म्हणून काय बोलायचं ते सुचावं लागत नाही. आपल्याकडे आठवणी भरपूर आहेत, पण पुढच्या भेटीचा वार ठरलेला नाही.

तो आज ठरवूया. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सात, शाळेचं फाटक. गाडीच हवी असं नाही. कोणी चाला, कोणी सायकल आणा, कोणी नुसते चहाला या. एखादा आला नाही, तर त्याच्या घरी जायचं.

ती माझ्या मागच्या सीटवर बसणार आहे. तिच्या मापाचं हेल्मेट मी घेऊन ठेवलंय.