मोडेम घेण्याआधी तार बघा
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत कोणी ‘खातं उघडायचंय’ म्हणून आलं की आम्ही आधी विचारायचो, कुठलं खातं? बचत, चालू की मुदत ठेव? मोडेमचंही तसंच आहे. दुकानात ‘चांगला मोडेम द्या’ म्हणण्याआधी आपल्या घरात कुठली तार येते ते बघा.

टेलिफोनची तार असेल तर डीएसएल मोडेम लागतो. टीव्ही केबलसारखी जाड, गोल तार असेल तर केबल मोडेम. त्यावर डॉक्सिस 3.0 किंवा 3.1 असं लिहिलेलं असतं. काचेचा बारीक तंतू, म्हणजे फायबर असेल, तर ओएनटी नावाचा डबा. आणि केबलवाल्याने थेट लॅनची वायर घरात आणली असेल, तर मोडेम नकोच, नुसता राउटर पुरतो. एकाचा डबा दुसऱ्याला चालत नाही, मग तो कितीही महाग असो.

म्हणूनच अमेरिकेतल्या मुलाने प्रेमाने पाठवलेला केबल मोडेम इथल्या फायबरवर निरुपयोगी ठरतो. तिकडे भाडं वाचवायला अनेक जण स्वतःचा मोडेम घेतात, पण तेही आधी कंपनीची मान्य मॉडेलांची यादी बघूनच.

तार जुळली तरी काम संपत नाही. डब्याचा नंबर कंपनीकडे नोंदवावा लागतो. आपल्या केवायसीसारखंच समजा! नोंद नाही तर दिवे लागतील, पण नेट येणार नाही. तेव्हा पैसे देण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचारा: हे मॉडेल चालेल का? डबा माझा की तुमचा? कनेक्शन बंद केल्यावर डिपॉझिट परत मिळेल का? उत्तरं तोंडी नको, मेसेजवर लेखी घ्या.

अजून एक. प्लॅन 200 एमबीपीएसचा आणि डब्याचं पोर्ट 100 चं, तर वायरीवर 100 च्या वर काही मिळत नाही. उरलेल्याचे पैसे दरमहा फुकट जातात.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं परगावी आहेत. नातवंडाचा चेहरा, डॉक्टरांचा रिपोर्ट, पेन्शनचा मेसेज, सगळं या डब्यातून येतं. तेव्हा तो पारखून घ्या. अडलं तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला हाक मारा. चहा पाजलात की तो आनंदाने येईल.