नोट मुकी, वही बोलकी

मंडळी, आपल्या नाशिकरोडला १९२८ सालापासून नोटा छापल्या जातात. नोट मोठी गुणाची! बाजारात दिलीत, की कुणी दिली हे ती कुणाला सांगत नाही.

२००९ साली संगणकांच्या जाळ्यावर चालणारे बिटकॉइन निघाले. त्यात व्यवहार गुप्त राहतो, असे पुष्कळ लोक समजतात. तसे नाही बरे का! त्याची खातेवही साऱ्या जगाला उघडी असते. तीत नाव नसते, नुसता अक्षर-आकड्यांचा पत्ता असतो. पण तो पत्ता तुमचा, हे एकदा कळले, की त्यावरचे मागचे सगळे देणेघेणे कुणालाही वाचता येते. खोडायची सोय नाही. चुकून गेलेला पैसा मागे आणणारी बँकही नाही.

तेव्हा गुप्ततेच्या भरवशावर कष्टाची कमाई त्यात घालू नका. गुरुजी, वर्गात मुलांनाही एवढे सांगा.